पाहुण्याचा शिक्का

"दिवस मावळायच्या आत घर खाली कर!" राजा गरजला. "दारी आलेल्या पाहुण्याला जो दुखवील, त्याचं घर जप्त. आमचा कायदाच आहे तसा!"

समोर उभी होती तानूबाई. गावच्या टोकाला एकटीच राहायची, लोकांच्या मिरच्या कांडून द्यायची. आणि तिने दुखवलेला पाहुणा कोण? तर राणीसाहेबांचे सख्खे बंधू भुजंगराव! डोळे भज्यांसारखे सुजलेले, पाय मुरगळलेला, नाकाला धार, पण मिशीचा पीळ तसाच. राजाचा मेहुणा म्हटल्यावर मिशीला दुसरं काम तरी काय?

खरा प्रकार असा झाला होता. तानूबाईकडे सासूची टपोऱ्या मोत्यांची नथ आहे, हे भुजंगरावांच्या कानावर आलं होतं. भर दुपारी तिच्या घरातला मुसळाचा आवाज थांबला. आवाज नाही म्हणजे बाई घरात नाही, एवढं अफाट डोकं चालवून स्वारी कौलांवर चढली. अहो, बाई जेवायला बसली होती! कांडणारी माणसं जेवतातही, हे या दीडशहाण्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रिकामं घर फोडणारा नुसता चोर असतो. राहतं घर फोडणारा वर मूर्खही असतो. एक कौल सरकलं, दुसरं फुटलं आणि भुजंगराव धपकन पडले ते थेट कांडलेल्या तिखटाच्या राशीत! तानूबाई मुसळ घेऊन धावली. हे ठसकत, लंगडत मागच्या दाराने पळाले ते तडक दरबारात, आणि चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. शिपायांनी तानूबाईलाच धरून आणलं.

"म्हाराज, ह्यो पाव्हना न्हाई, चोर हाय!" ती म्हणाली. "कौलं फोडून आत पडला!"

"साफ खोटं!" भुजंगराव शिंकले. "मी दारात उभा राहून पाणी मागितलं. हिने तिखटाची मूठ माझ्या तोंडावर फेकली! उंबऱ्याच्या आत पाऊलसुद्धा ठेवू दिलं नाही!"

"मंग कौलं कुनी फोडली?"

"माकडांनी!"

"त्ये बी खरंच म्हना!" तानूबाई त्यांच्याकडे बघत म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. राजाने डोळे वटारले. राजा हट्टी होता, आणि घरी गेल्यावर राणीला तोंड द्यायचं होतं.

"साक्षीदार आहे?"

"म्या एकटी ऱ्हाते, म्हाराज."

"मग पुरावा दे. आत्ता, इथेच, दरबाराबाहेर पाऊल न टाकता! नाही तर घर गेलं म्हणून समज!"

घर तिकडे आणि पुरावा द्यायचा इकडे! दरबाऱ्यांना बाईची कीव आली. अर्थात तोंड उघडण्याइतकी कुणालाच आली नाही.

तानूबाईने भुजंगरावांना नीट न्याहाळलं. सगळा दरबार बसलेला, मानकऱ्यांत उभे तेवढे हेच. पाय मुरगळलाय, तरी उभे! तिने पदर खोचला.

"चुकलंच माजं, म्हाराज. दारी आलेल्या पाव्हन्याला 'बसा' म्हनायचं ऱ्हाऊन गेलं. तेवढं हितं म्हनू द्या, मंग घर सोडते."

बाई नमली असं वाटून राजा खूश झाला. "म्हण की!"

तानूबाईने पांढऱ्याशुभ्र बैठकीकडे हात केला. "बसा, पाव्हनं!"

"नको, नको! मी उभाच बरा!"

"पाय दुखतोय न्हवं? बसा की!"

"आम्हाला उभं राहायची सवय आहे!"

जन्मभर लोडाला टेकून पान खाल्लेल्या माणसाने हे म्हणावं! राजालाही नवल वाटलं. "बसा, भुजंगराव. आमची आज्ञा आहे!"

भुजंगराव बसले. आणि "आई गं!" करून असे उडाले, की पागोटं प्रधानाच्या मांडीत जाऊन पडलं. पांढऱ्या बैठकीवर लालभडक, गोल, ठसठशीत ठसा उमटला होता. किरमिजी धोतरात लपलेलं तिखट बैठकीवर लपलं नाही.

"हा काय प्रकार?" राजा ओरडला.

"पुरावा, म्हाराज! पाव्हन्यांनी सोताच शिक्का मारला! तिखट म्या तोंडावर फेकलं म्हनत्यात, मंग त्ये बुडाखाली कसं गेलं? रास तर माज्या माजघरात. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं न्हाई म्हनत्यात, मंग बूड कसं पोचलं? दारानं येनाऱ्याचं पाऊल आदी आत येतं, म्हाराज. बूड आदी येतंय त्ये फकस्त कौलातनं!"

राजाने ओठ दाबले, मिशी चावली, पण हसू काही आवरेना. तो पोट धरून खदाखदा हसला आणि मग उरलेल्या दरबारालाही धीर आला.

"राहत्या घरात चोरून शिरणाऱ्याची गाढवावरून धिंड!" डोळे पुसत राजाने हुकूम सोडला.

"गाढवावर बसायचं?" भुजंगराव कळवळले. "दया करा, दाजी! पायी चालतो!"

राजाने तानूबाईकडे पाहिलं. "काय करावं, बाई?"

"चालू द्या, म्हाराज. त्या मुक्या जनावराच्या पाठीला तिखट का म्हनून?"

राजा पुन्हा हसत सुटला. भुजंगरावांची धिंड पायीच निघाली. तानूबाईचं घर राहिलंच, वर तिला राजाच्या खर्चाने नवी कौलं, भरजरी लुगडं आणि राजवाड्याच्या मिरच्या कांडायचा मान मिळाला.