शेटचा भोंगा

एकदा एका डोंगराखालच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या एका मुलीने अर्ज भरला. डोंगर फोडणाऱ्या क्रशरची धूळ विहिरीत, भाकरीवर, माणसांच्या छातीत बसत होती. ती थांबावी, एवढेच तिचे मागणे.

तिला बोलायला शिकवले ते गावातल्या वृद्ध गुरुजींनी. गुरुजी ज्ञानी आहेत, असे सारा गाव म्हणे. पण वीस वर्षांपूर्वी सरपंच झालेला हा ज्ञानी माणूस क्रशरविषयी कधी अवाक्षर बोलला नव्हता; नुसता खोकत होता. मुलीला त्यांचा संताप येई, आणि तरी रोज सकाळी ती त्यांना कोमट पाणी नेऊन देई.

एके दिवशी क्रशरचे मालक शेट तिच्या दारी आले. मागे जीप, जीपच्या टपावर भोंगा.

"घे पोरी, प्रचाराला. डिझेल माझं, ड्रायव्हर माझा. अट काही नाही."

"तुमच्याविरुद्ध बोलले तरी?"

"बोल की! लोकशाही आहे." शेट हसत निघून गेले.

मुलगी हरखली. दारोदार फिरून जमलेल्या वर्गणीत पत्रकेसुद्धा निघत नव्हती. गुरुजी रागावतील असे तिला वाटले; ते तर काठी टेकत आले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

"काल पारावर बोललीस तेच आता भोंग्यावर बोल. शब्दाचा फरक नको."

तिने माइक धरला. "गावकरी हो, या क्रशरची धूळ..."

ड्रायव्हरने मागे वळून पाण्याची बाटली पुढे केली. "ताई, घसा सुकेल. घ्या."

"...म्हणजे, धुळीचा जो प्रश्न आहे... तो सर्वांनी मिळून..." तिने माइक बंद केला. तिची नजर बाटलीवर गेली. "गुरुजी, मला कुणी अडवलं नाही हो."

"मलाही नव्हतं अडवलं."

ती चमकली. "तुमचा भोंगाही शेटचाच होता?"

"हो."

"मग वीस वर्षं सांगितलं का नाहीत? आमच्या छातीत धूळ भरेपर्यंत ज्ञानी म्हणून मिरवलात!"

"लाज वाटली, बाळ." गुरुजींनी मान खाली घातली. "वर्गणी सगळ्या गावाची असते, म्हणून बोलताना सगळा गाव डोळ्यांपुढे राहतो. देणगी एकाची असते. मग त्या एकाचाच चेहरा दिसतो. त्याला काही मागावंही लागत नाही. मी स्वतःला फार खंबीर समजत होतो. खंबीरपणावर सोडायची गोष्ट नव्हे ती, तिला नियमच हवा."

जीप परत गेली. संध्याकाळी पारावर गावाने ठरवले: उमेदवार कुणीही असो, प्रत्येक घराची वर्गणी सारखी, त्याहून जास्त कुणी द्यायचे नाही, कुणी घ्यायचे नाही, आणि देणाऱ्याचे नाव चावडीच्या भिंतीवर लिहायचे.

पहिली ओळ लिहायला गुरुजी स्टुलावर चढले. मुलीने त्यांचे कोपर धरले. त्यांनी खडूने लिहिले: 'वीस वर्षांपूर्वी. शेटची जीप. घेणारा, मी.'

मग खोकल्याची उबळ आली. मुलीने त्यांना हलकेच खाली उतरवले आणि कोमट पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला.

देणगीला मर्यादा घालायची, ती घेणाऱ्याची जीभ मोकळी राहावी म्हणून.