साळूच्या उतारावरचे परदेशी झुडूप

मुलांनो, एका जंगलाच्या टोकाला मुरमाड टेकडी होती. तिच्या उतारावर एक काटेरी साळू राहत असे आणि खाली ओढ्याकाठी तिची मैत्रीण अस्वलीण. दोघींनाही बागेचे भारी वेड. एकदा समुद्रापलीकडून आलेला एक ससाणा त्यांच्याकडे विसाव्याला उतरला. पाहुणचाराने खूश होऊन त्याने दोघींना एकेक बी दिले. "आमच्या दक्षिणेकडच्या डोंगरांवर हे झुडूप वाढतं. ल्युकाडेंड्रॉन म्हणतात त्याला," तो म्हणाला. "थंडीत शेंड्याची पानं अशी रंगतात, की फुलंच वाटावीत!"

"तिथली माती कशी असते?" साळूने विचारले. "आणि पाऊस, वारा?"

"माती रेताड, दगडगोट्यांची. पाणी पडलं की निथळून जातं. ऊन आणि वारा मात्र भरपूर."

"अगं बाई, बिचाऱ्याचे किती हाल!" अस्वलीण कळवळली. "माझ्याकडे त्याला काही म्हणता काही कमी पडू देणार नाही मी."

तिने शब्द पाळला. ओढ्याकाठच्या काळ्या मातीत तिने बी लावले, वर शेणखत घातले, दोन्ही वेळा पाणी घातले, उन्हाला पानांचा आडोसा केला. साळूने मात्र उतारावर मुरूम आणि वाळूचा उंचवटा करून त्यात बी पेरले. सकाळी ती माती चाचपून बघे आणि कोरडी लागली तरच पाणी घाली. मुळे उकरून खाणे हा तर साळूंचा स्वभावच. पण या झुडपाची मुळे अगदी वरवर असतात, हे ध्यानात आल्यावर तिने तिथे नखसुद्धा लावले नाही. गवत उगवले तर ती ते दातांनी वरच्या वर कुरतडून टाकी.

पहिल्या उन्हाळ्यात अस्वलिणीचे रोप तरारून वर आले. साळूचे वीतभरच राहिले. "किती कंजूष! रोपाला उपाशी मारतेय," असे माकडे तिच्या तोंडावर म्हणू लागली. साळूच्या जिवाला ते लागले. एका दुपारी ती शेणखताचा गोळा घेऊन रोपाजवळ आलीही. बराच वेळ तशीच बसून राहिली. मग उठली आणि तो गोळा तिने भोपळ्याच्या वेलाला घातला.

पावसाळ्यात ओढ्याकाठी पाणी साचले. अस्वलिणीच्या रोपाची पाने करपल्यासारखी दिसू लागली, शेंडा मान टाकू लागला. तहानले असेल, असे वाटून तिने आणखी पाणी घातले. चार दिवसांत रोप आडवे झाले. उपटून पाहते, तर मुळे काळी पडून कुजलेली. ती ते छातीशी धरून रडली.

दुसऱ्या हिवाळ्यात साळूच्या उतारावर झुडूप कमरेएवढे झाले आणि त्याचे शेंडे लालबुंद रंगले. सारे जंगल पाहायला लोटले. माकडेसुद्धा टक लावून बसली, पण एकानेही पान तोडले नाही. सगळ्यांच्या मागे अस्वलीण उभी होती. गर्दी पांगल्यावर ती जवळ आली. "मी काय कमी केलं होतं गं?"

"कमी काहीच नाही, ताई," साळू हळूच म्हणाली. "जरा जास्तच केलंस. त्याला काय हवं ते तुझ्या मायेनं ठरवलं, त्याला विचारलंच नाहीस."

अस्वलिणीने एका लाल शेंड्यावरून हलकेच पंजा फिरवला. मग म्हणाली, "तुला बरं जमलं हात आवरणं! लोक इतकं बोलत होते, तरीही."

रंग ओसरल्यावर साळूने शेंडे छाटले, खाली हिरवी पाने राखली आणि छाटलेल्यातली एक जोमदार फांदी मैत्रिणीला दिली. या वेळी अस्वलिणीने टेकडीवर उन्हातली, वाऱ्याची जागा शोधली आणि वाळूच्या उंचवट्यात ती फांदी खोचली. "आता रोज काय करू?" तिने विचारले.

"रोज येऊन बघ."

आणि ती रोज येऊन बघू लागली. महिन्या-दोन महिन्यांनी फांदीला दोन कोवळी पाने फुटली, तेव्हा ती आनंदाने एवढी ओरडली, की साळू बिळातून धावत बाहेर आली.

तात्पर्य : ज्याला जपायचे, त्याचा स्वभाव आधी ओळखावा, मग त्याला मानवेल तेवढेच द्यावे.