बशीर मास्तरांचं कुलूप

“मुलाच्या भल्यासाठी बापाने कुलूप लावलं, तर त्यात चुकलं काय, मौलवीसाब?”

बशीर मास्तरांनी आल्या आल्या तोफ डागली. खाडीकाठच्या गावातले ते हेडमास्तर. पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्यावर तासभर बोलायचे, मुलं उन्हात चुळबुळायची. म्हाताऱ्या याकूब मौलवींनी त्यांना लहानपणी कुराण वाचायला शिकवलं होतं, म्हणून आज त्यांच्याकडेच दाद मागायला आले होते.

रमजान चालू होता. मास्तरांचा पुण्याला कॉलेजात शिकणारा मुलगा नुमान म्हणाला होता, यंदा रोजा धरायला मन होत नाही. झालं! मास्तरांनी पहाटेचं खाणं उरकताच स्वयंपाकघराला कुलूप ठोकलं.

“आणि रोज्याची नियत? मनातला तो संकल्प कोणी केला?” मौलवींनी विचारलं.

“त्याच्या वतीने मीच केला.”

“अरे वा! मग भूकही त्याच्या वतीने तूच काढायचीस.”

मास्तर ओशाळले. त्यांचा आवाज खाली आला.

“काल संध्याकाळी त्याच्यापुढे खजूर धरला, तर म्हणाला, ‘रोजा तुमचा होता, अब्बा. तुम्हीच सोडा.’ तेव्हापासून बोलत नाही. ईद झाली की पुण्याला जाईल... मला वाटतं, परत यायचा नाही.”

मौलवी उठले. त्यांनी माठातलं पाणी पेल्यात ओतलं, मास्तरांपुढे ठेवलं, बाहेरचं दार लावून घेतलं आणि आतल्या खोलीत निघून गेले.

भर दुपार. घशाला कोरड पडलेली. मास्तर पेल्याकडे बघत राहिले... हात काही पुढे गेला नाही.

बऱ्याच वेळाने मौलवी बाहेर आले.

“प्यायला नाहीस?”

“माझा रोजा आहे!” मास्तरांना रागच आला.

“दार बंद होतं. मीही इथे नव्हतो.”

“म्हणून काय झालं? कोणी अडवायला कशाला हवं? माझं मलाच...”

मास्तर थबकले.



मास्तरांचे डोळे भरून आले.

“काढतो कुलूप,” ते हळूच म्हणाले. “पण मौलवीसाब... त्याने खरंच जेवायला मागितलं तर?”

मौलवींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“गरम करून वाढ.”