तीन पावले उलटी

बोरडोह गावाच्या उत्तरेला एक उघडी बरडी, म्हणजे खडकाळ टेकडी आहे. वर सावलीला झाड नाही, हात जोडायला देऊळ नाही. तरी चैत्रात बाहेरगावचे लोक मुद्दाम ती चढतात. माथ्यावर चौरंगाएवढा काळा दगड आहे आणि त्यावर ओळीने सहा खळगे कोरलेले आहेत. पहिल्यात ज्वारीचा दाणा बसतो, दुसऱ्यात हरभरा, तिसऱ्यात बोर, चौथ्यात सुपारी, पाचव्यात लिंबू. सहाव्यात कोंबडीचे अंडे ठेवून पाहिले, तर भोवती बोटभर जागा उरते.

या बरडीवरून उतरताना पहिली तीन पावले उलटी टाकायची, आभाळाकडे तोंड ठेवून. मग वळायचे आणि झपाझप खाली यायचे. पोरे हसतात, पाहुणे एकमेकांना धरतात. गावचे चंपतबुवा खाली काठी टेकून उभे असतात. ते म्हणतात, "हासा लेकहो, पन पावलं मोजून टाका. मंग सांगतो."

ते सांगतात ते असे.

फार जुन्या काळी या भागात गावोगाव एक गारपगारी असे. गारपगारी म्हणजे गारा अडवणारा माणूस. गहू-हरभरा कापणीला आला की ढग उठायचे. ढग दिसला की त्याने त्रिशूळ घेऊन उंचावर जायचे, त्रिशूळ रोवायचा आणि मंत्र म्हणायचा. ढग सरेपर्यंत त्याला पाठ दाखवायची नाही, हा मोठा नेम. पाठ दाखवली की बंद सुटतो आणि गार गावावर येते, अशी समजूत होती. या कामाबद्दल गाव त्याला खळ्यावरून सूपभर धान्य देई.

बोरडोहचा गारपगारी होता कवडूनाथ. माणूस भिडस्त. चार लोकांत उभा राहिला तर नजर अंगठ्यावर. बाप गेला आणि त्रिशूळ त्याच्या हाती आला. पहिल्याच वर्षी ढग चढून आला तेव्हा तो भीतीने अर्धा मंत्र विसरला म्हणे. तरीही ढग पूर्वेला वळून गेला. गावाने त्याला मानाचा नारळ दिला, पण कवडूनाथाला त्या रात्री झोप आली नाही. अर्ध्या मंत्राने ढग गेला, तर मग तो गेला कशाने?

हे त्याने कोणाला विचारले नाही. तो पाहू लागला.

वीज चमकली की गडगडाट येईपर्यंत आपले श्वास मोजायचे. ढग कोणत्या अंगाने उठला, कुठे वळला, त्याच्या सुतळीला गाठी मारायच्या. बरडीवर पडलेली गार लोकांना दाखवावी तर खाली नेईपर्यंत तिचे पाणी होई. म्हणून त्याने दगडावर छिन्नीने खळगे कोरले. ज्या खळग्यात गार बसेल, त्याची गाठ मारायची. अशा गाठी मारता मारता वीस वर्षे गेली. पाण्याने भरलेला ढग काळा असतो, पण गारेच्या ढगाच्या पोटात हिरवट झाक असते, हे त्याने पाहिले. तीन कोसांवरच्या काळडोंगरावर ढग अडकून बसला की गावात थेंब न पडताही गावाखालच्या नाल्याला पूर येतो, हेही त्याने पाहिले. तो पूर यायला किती वेळ लागतो? घरी बायको एक पायली ज्वारी दळते, तेवढा.

त्या नाल्यातच चैत्र पौर्णिमेला आसरांची जत्रा भरे. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. कोरड्या वाळूच्या मधोमध त्यांचे ठाणे होते. पाच गावांची माणसे तिथे उतरत. दोन्ही काठ पुरुष-दोन पुरुष उंच होते आणि वर यायला एकच बैलगाडीची उतरण.

कवडूनाथ एकदा दाजीबा पाटलांकडे गेला. उंबऱ्यापाशी बराच वेळ उभा राहून म्हणाला, "पाटील, जत्रा वर माळावर भरवली तं?"

पाटील हसले. "तू वर हायेस नं बाप्पा? तुह्याच भरवशावर तं आमी खाली उतरतो."

कवडूनाथ परत आला. त्याच्या भरवशावर पाच गावे नाल्यात उतरत होती, आणि तो भरवसा पोकळ आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक होते.

पुढची पौर्णिमा आली. दुपार टळत होती. जत्रेवर लख्ख ऊन होते, ढोल वाजत होते, पाळणे फिरत होते. कवडूनाथ बरडीवर उभा होता. काळडोंगरावर ढग चढला. वीज चमकली. त्याने मोजले, पंधरा श्वास. पुन्हा चमकली, पुन्हा पंधरा. कितीही वेळा मोजले तरी पंधराच. ढग जागचा हलत नव्हता. मग त्याच्या पोटात ती हिरवट झाक आली आणि खाली पांढरा पडदा सुटला. डोंगर दिसेनासा झाला.

बायकोचे जाते त्याच्या डोक्यात फिरू लागले.

त्याने खाली हाका मारल्या, पण ढोलापुढे त्या कुठल्या पोचणार? खाली जायचे तर ढगाला पाठ दाखवावी लागणार. बापाचा नेम मोडणार. त्याने त्रिशूळ उपटला आणि ढगाकडे तोंड ठेवून तो उलटा उतरू लागला. एक पाऊल, दोन, तीन. तिसऱ्या पावलाला दगड निसटला आणि तो पालथा पडला. दोन्ही तळवे सोलले. उलटे चालून तो दिवस मावळेपर्यंत पोचला नसता. तो उठला, वळला आणि धावत सुटला. मानेवर गार वाऱ्याचा झोत आला, पण त्याने मागे पाहिले नाही, असे सांगतात.

त्याला उतरणीवरून येताना पाहून जत्रा थबकली.

"अरे, गारा पळवाले ठेवलं तुले, अन् तूच पळून आला का बे?" पागोटी विकणाऱ्या एकाने आवाज दिला. लोक हसले.

पाटील पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कवडूनाथ, पाठ दावली तू?"

"दावली," कवडूनाथ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो ओरडून बोलत होता. "काळडोंगरावर गार पडून राह्यली. नाल्यानं पानी येते. एक पायली दळून होईस्तोवर येते. त्यातली आर्धी दळून झाली. वर चला!"

"आभाय तं निरभ्र हाये," कोणी म्हणाले. "मंतर म्हन जा. आमाले काऊन भेव दावतं?"

तेव्हा कवडूनाथाने त्रिशूळ वाळूत आडवा टाकला. म्हणाला, "मंतरानं मी एकबी ढग परतवला नाही. वीस साल झाले. ते आपल्या वाटेनं गेले, मी निस्ता पाहत होतो. तुमचं धान्य मी खाल्लं. आता मले मारा, गावातून काढा, पन आदी वर चला."

एकाने खरोखरच धोंडा उचलला. तेव्हा टोपल्या विणणारी ठमाबाई उठली. म्हातारी, कमरेत वाकलेली. ती म्हणाली, "ठेव थो धोंडा. हा मानूस बायकोसंगबी हळू बोलते. आज वरडून राह्यला अन् सोताचीच अब्रू सांडून राह्यला. खोटं बोलनारा असं बोलते का रे?" एवढे बोलून तिने आपली एक टोपली डोक्यावर उलटी घातली आणि उतरण चढू लागली.

तिच्या मागून बायका निघाल्या, पोरे निघाली. ठमाबाई वरून ओरडली, "माह्या टोपल्या घ्या! डोक्स्यावर घ्या!" साऱ्या टोपल्या हातोहात वर आल्या. दुकानदार गाठोडी आवरू लागले, तेव्हा कवडूनाथाने एकेकाचा हात धरून ओढले. पाटील आसरांना हात जोडून सर्वांत शेवटी चढले.

ते काठावर पोचले आणि ऊन विझले. ढगाचे टोक गावावर आले होते. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा आल्या. टोपल्यांवर थाडथाड आवाज होत होता. त्या आवाजातूनही दुसरा आवाज ऐकू आला, शंभर जाती एकदम फिरावीत तसा. नाल्याच्या वळणावरून गढूळ पाण्याची भिंत आली. पाळणे गेले, पाले गेली, छकडे गेले, वाळूतला त्रिशूळ गेला. माणूस एकही गेला नाही.

पाणी ओसरत असताना पाटील हळूच म्हणाले, "पन तू पाठ दावली म्हनून तं आली नसंन नं गार?"

"असंन बा," कवडूनाथ म्हणाला. "थे मले माईत नाही. मले जे दिसलं थे मी सांगतलं."

मग त्याने पायाजवळची सर्वांत मोठी गार उचलली, पागोट्यात गुंडाळली आणि तो पुन्हा बरडीकडे धावला. पाचही खळग्यांत ती बसेना. विरघळण्याआधी त्याने छिन्नीच्या टोकाने तिच्याभोवती रेघ ओढली आणि सोललेल्या हातांनी तिथेच सहावा खळगा कोरायला घेतला.

पुढच्या वर्षी जत्रा माळावर भरली. त्याआधी दाजीबा पाटील स्वतः बरडी चढले. कवडूनाथाला त्यांनी गार अडवायला सांगितले नाही. त्यांनी विचारले, "काय दिसते?" कवडूनाथाने आभाळाचे चारी कोपरे पाहून सांगितले. उतरताना मात्र त्याने तीन पावले उलटी टाकली आणि मग तो वळला. पाटलांनी कारण विचारले, तर म्हणाला, "तीन पावलं बापाच्या नेमाची. बाकीची मानसायची." पाटलांनीही मग तीन पावले उलटी टाकली.

हे सांगून झाले की चंपतबुवा पाहुण्यांना पुन्हा वर नेतात आणि दगडाच्या बुडाशी हात घालायला लावतात. तिथे फडक्यात बांधलेली एक छिन्नी लागते. सातवा खळगा अजून कोणाला कोरावा लागलेला नाही. तरी बोरडोहची माणसे दर चैत्र पौर्णिमेला ती छिन्नी बाहेर काढतात, आजही तिला धार लावतात आणि परत जागेवर ठेवून देतात.