निम्म्या वाटेवरची गाठ

ग्रेलिंग बे म्हणजे कॅनडातलं एवढंसं शहर, पण पाव्हण्यांनो, इथं ओसरीपासून शेजारच्या ओसरीपर्यंत दोर बांधलेले पाहिलेत ना? ते कपडे वाळत घालायला नव्हेत. प्रत्येक दोराला बरोब्बर मध्यावर एक गाठ असते. ती का, ते ऐका.

फार मागं या तळ्याकाठी दोन भाऊ राहत. थोरला एइनार, त्याची बायको सिग्रून. धाकटा हाल्लूर, त्याची बायको बीर्ना. आइसलँडहून आलेले कोळी. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून बर्फाखाली जाळी लावत. जाळं कुणी कुठं लावायचं, त्या जागेवरून भांडले आणि अबोला धरला. घरं साठ पावलांवर, पण तीन वर्षं कुणी कुणाचा उंबरा ओलांडला नाही म्हणे.

एका हिवाळ्यात भर दुपारी हिमवादळ उठलं. हात पुढं केला तर बोटं दिसेनात. त्यातच हाल्लूर पातेलं बडवू लागला. बीर्नाचे दिवस भरले होते, आणि सुईणपण गावात एकट्या सिग्रूनला येई. ती धावली. पण वाऱ्यानं आवाज कधी इकडून यायचा, कधी तिकडून; फिरून फिरून ती आपल्याच दाराला थडकली!

दोर सगळे तळ्यावर, बर्फावरून ओढायच्या गाडीत राहिलेले. तिनं सुरी घेतली आणि नवं जाळं उभं कापलं.

"अगं, हिवाळाभर खाणार काय?" एइनार ओरडला.

"आधी खाणारं तोंड तर येऊ द्या!"

पट्ट्या पिळून दोर केला. एक टोक खांबाला, एक कमरेला. पण एका जाळ्याचा दोर तो, निम्म्यावर संपला. सोडावा तर मरण, परतावं तर बीर्ना जाते. सिग्रूननं हाक घातली, "भाऊजी! रुसवा उद्या! तुमचं जाळं कापा नि या!"

हाल्लूरचं जाळं त्याच्या बापाच्या हातचं. तरी कापलं. दोराचं एक टोक आपल्या खांबाला बांधून तो चाचपडत हाकेच्या रोखानं आला. दीर-भावजयीनं बधिर बोटांनी गाठ मारली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, असं सांगतात.

आता दोन्ही घरांत धड जाळं नाही. मग जावाजावांनी उरलेले तुकडे जोडून एकच लांब जाळं विणलं. भाऊ नाइलाजानं एका भोकाशी बसले. आठ दिवस "ओढ" आणि "सोड", एवढंच बोलले म्हणे! नवव्या दिवशी इतकी मासळी लागली की दोघांच्यानं जाळं ओढवेना आणि हसू आवरेना.

आजही पहिला बर्फ पडला की शेजारी आपापल्या ओसरीवरून दोर घेऊन निघतात. भांडण असो नसो, मध्यावर भेटावंच लागतं. त्या मुलीच्या वंशाची आता चौदा घरं झालीत. कुणाची चूल कधी विझली नाही, आणि अबोला कुणाचाच नाही. निदान हिवाळ्यात तरी!