गावाला चालत नाही

चूक कुंभाराची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मोठी माणसं ही गोष्ट सांगायला बसली की शेवटी सगळं खापर पोरीच्या डोक्यावर फोडून मोकळी होतात. म्हणतात, पोरगी हट्टी होती. पोरगी हट्टी नव्हती. तिला प्रश्न पडायचे आणि ती ते विचारायची, एवढंच.

तर एक राजधानी होती, तिच्यात एक अरुंद गल्ली होती आणि त्या गल्लीत हा कुंभार राहत होता. एका भर दुपारी त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. कुंभार सुईणीचं घर विचारत दारोदार फिरला. दारं बंद नव्हती, लोटलेली होती. आतून भांड्यांचे आवाज येत होते, वरणाला फोडणी बसल्याचा वास येत होता. पण एकही दार उघडलं नाही. शेवटी बायको एकटीच बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं नाव हौसा.

त्या दिवशी कुंभारानं ठरवलं, या पोरीला इथं वाढवायचं नाही. जिथं माणसं एकमेकांना धरून आहेत असं गाव शोधायचं. गाढवाच्या गाडीवर चाक चढवलं, मडकी रचली, वर बायको-पोरीला बसवलं आणि बिऱ्हाड निघालं.

आता गाव पारखायचं कसं? मडकं घेताना गिऱ्हाईक टिचकी मारून बघतं. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं. कुंभारानं गावांनाही टिचकी मारायचं ठरवलं. नव्या गावात शिरलं की तो फुटक्या मडक्यांची पाटी डोक्यावर घ्यायचा, भर बाजारात पाय घसरल्याचं सोंग करायचा आणि धाडकन पडायचा. मग पडल्या पडल्या एक डोळा किलकिला करून बघायचा, कोण येतंय.

एका गावात लोक हसले. एका गावात दुकानदार म्हणाला, "माझ्या दारातला कचरा उचलून मग काय मरायचं ते मर." एका गावात पुष्कळ माणसं जमली, पण कसं पडायला नको होतं यावर त्यांच्यात वाद लागला आणि कुंभाराला आपलं आपण उठावं लागलं. अशी वर्षं गेली. हौसा मोठी होत होती, आणि तिचे प्रश्न तिच्याहून भराभर मोठे होत होते.

"बाबा, गाढवाला स्वतःचं ओरडणं ऐकू येतं का? मग ते थांबत का नाही?"

"बाबा, मडक्याच्या पोटात पाणी नसतं तेव्हा काय असतं?"

रस्त्यात कुंभाराला कामाला दुसरे हात हवे होते. बायको भट्टी सांभाळायची, म्हणून त्यानं हौसाला चाकावर बसवलं. पोरीचे हात असे काही बसले मातीवर की बापच बघत राहिला. "माझ्या हातात नाही ते हिच्या हातात आहे," असं तो बायकोला म्हणाला. हे त्याचे शब्द. पुढं उपयोगी पडले असते, पण गरज लागली तेव्हा त्यानं ते काढले नाहीत.

एक दिवस बिऱ्हाड नदीकाठच्या एका लहानशा कसब्यात आलं. घराला घर लागून, भिंतीला भिंत. कुंभार ठरल्याप्रमाणे पडला. पडतोय न पडतोय तोच अख्खी गल्ली धावत आली. सोनारकाकांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. कुणी गूळपाणी आणलं. एकानं उधळलेलं गाढव धरलं. तेलीण मावशीनं स्वतःच्या पदरानं त्याचा गुडघा पुसला आणि वर शिव्या दिल्या, "डोळे कुठं ठेवले होतेस रे मेल्या? पोर बरोबर आहे ना तुझ्या!"

त्या शिव्या ऐकून कुंभाराचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कुणी आपलं समजून शिवी दिली नव्हती.

"हेच आपलं गाव," तो म्हणाला.

हौसानं विचारलं, "पण बाबा, आपण इथं रोज पडणार आहोत का?"

"गप बस."

आणि गाव खरंच चांगलं होतं. उगाच खोटं कशाला बोला? घर बांधताना अर्ध्या गावानं माती कालवली. हौसा तापानं फणफणली तेव्हा एवढ्या बायका जमल्या की कुंभारणीला स्वतःच्याच घरात उभं राहायला जागा उरली नाही. पोरांना भूक लागली की ज्या दारात असतील त्या दारात पान मांडलं जायचं. कोण कुठल्या घरचं, याची चौकशी कुणी करत नसे. कुंभार सुखावला. राजधानीतली ती दुपार तो हळूहळू विसरला.

हौसाला मात्र रिकाम्या मडक्याच्या पोटात काय असतं, हा प्रश्न सुटला नव्हता. ती घरामागं चाकावर बसून काहीतरी करत राहायची, मोडायची, पुन्हा करायची. शेवटी तिनं दोन पोटांची एक सुरई केली. पाणी एका पोटातून दुसऱ्या पोटात जायचं, आतली हवा वरच्या बारीक भोकातून बाहेर पडायची आणि सुरई लांब, गोड शीळ घालायची.

"पाणी नसतं तेव्हा हवा असते, बाबा! आणि तिला बाहेर पडायचं असतं!"

कुंभारानं सुरई वाकडी केली. सुरईनं शीळ घातली. तो लहान पोरासारखा हसला. पुन्हा वाकडी केली.

सुरई पाणवठ्यावर गेली आणि गावात एकच गलका झाला. पोरं तर वेडी झाली. बायका पाणी भरायचं सोडून शीळ ऐकत बसल्या. जो तो विचारू लागला, ही केली कुणी? हौसानं अभिमानानं सांगितलं, "मी. चाकावर."

त्या संध्याकाळी थोरले तात्या कुंभाराच्या ओट्यावर आले. हे गावातले सगळ्यात वयस्क. आवाज लोण्यासारखा मऊ. रागावले नाहीत, उलट येताना शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले.

"पोर गुणी आहे हो तुमची," ते म्हणाले. "पण बाईमाणसानं चाकाला हात लावलेला गावाला चालत नाही. एवढं सांभाळा."

ते गेले. हौसा दारातच उभी होती.

"बाबा, गाव म्हणजे कोण?"

"म्हणजे काय? गाव म्हणजे गाव."

"ते राहतं कुठं? मला दाखवा ना. मी जाऊन विचारते, का चालत नाही ते."

कुंभारणीला हसू आलं. "जा, विचारून ये. आम्हालाही कळू दे एकदा."

सकाळ होताच हौसा निघाली. कुंभारालाही राहवेना. ही काय विचारते आणि लोक काय म्हणतात, हे बघायला तो थोडं अंतर ठेवून मागं मागं गेला आणि प्रत्येक दाराबाहेर कान देऊन उभा राहिला.

हौसा आधी सोनारकाकांकडं गेली. "काका, मी चाकावर बसलेलं तुम्हाला चालत नाही का?"

"मला? मला काय होतंय गं? बस की खुशाल. माझ्या नातवाला तशी एक सुरई करून दे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पण गावाला चालत नाही ना."

तेलीण मावशी घाण्यापाशी होती. "अगं, मी तर म्हणते बाईच्या हातची माती जास्त मऊ लागते. माझं काही नाही. पण गाव काय म्हणेल?"

विणकर म्हणाला, माझ्या घरात बायकाच माग चालवतात, मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? पण गावाचं तसं नसतं. त्याची बायको म्हणाली, मला आवडलं, पण गावाला नाही आवडायचं. हौसा घर न् घर हिंडली. शेवटी तात्यांच्याच ओट्यावर गेली.

"तात्या, तुम्हाला स्वतःला चालत नाही का?"

बहुतेक हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. "खरं सांगू पोरी? मला त्या सुरईची शीळ फार आवडली. पण मी एकटा म्हणजे गाव नव्हे."

हौसा धावत घरी आली. मागोमाग धापा टाकत कुंभार. तिचा चेहरा असा उजळला होता की जणू मोठं गुपितच तिच्या हाती लागलं होतं.

"बाबा, गाव सापडलंच नाही! एकाही घरात नाही! सगळ्यांना चालतंय. आता फक्त तुम्ही राहिलात. तुम्हाला चालतं ना?"

कुंभारानं सगळं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. चाक त्यानंच शिकवलं होतं. त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता. पण त्याच्या डोळ्यांपुढं राजधानीतली ती लोटलेली दारं आली. उद्या इथलीही दारं लोटली गेली तर? आजारपणात कोण येणार? मेल्यावर खांदा कोण देणार? भित्र्या माणसाला मरणाची सोय आधी दिसते, जगणारं पोर नंतर.

तो म्हणाला, "मला चालतं गं. पण गावाला चालत नाही."

हौसानं बापाकडं पाहिलं. "अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे गाव इथं राहतं होय."

तिसऱ्या प्रहरी चावडीवर माणसं जमली. अजूनही वेळ गेलेली नव्हती. तात्यांनी सगळ्यांदेखत कुंभाराला विचारलं, "बोला. पोर चाकावर बसणार की नाही बसणार?"

हौसा एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली. सोनारकाका जानव्याशी चाळा करू लागले. विणकराला अचानक आभाळात काहीतरी दिसलं. तेलीण मावशी पदराचं टोक पिळत होती. कुंभारणीनं नवऱ्याच्या पाठीला कोपरानं ढोसलं. "अहो, बोला. तुम्हीच म्हणाला होतात ना, हिच्या हातात आहे ते माझ्यात नाही म्हणून?"

कुंभार उठून उभा राहिला. त्यानं हात जोडले.

"नाही बसणार," तो म्हणाला.

सगळे "शहाणा माणूस, शहाणा माणूस" म्हणत घरी गेले. जाता जाता तेलीण मावशी त्याच्यापाशी थांबली आणि एकदम चिडून म्हणाली, "अरे, तू 'बसणार' म्हणाला असतास ना, तर मीही म्हणणार होते! सोनारही म्हणणार होता! आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडं बघत होतो की रे!"

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"पोर तुझी आहे का माझी?" मावशी म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून हौसानं प्रश्न विचारणं बंद केलं. ती माती मळायची, पाणी आणायची, ताटात पडेल ते खायची. कुंभाराला आधी हायसं वाटलं. पोर वळणाला लागली असं गावही म्हणालं. पोर गप्प झाली की मोठ्यांना वाटतं ती शहाणी झाली. ती मनातल्या मनात सामान बांधत असते.

वयात आली तशी एका सकाळी हौसा सगळ्यांदेखत निघाली. चोरून नाही, भांडून नाही. आईनं भाकऱ्या बांधून दिल्या. कुंभार वेशीपर्यंत पाठोपाठ गेला.

"कुठं निघालीस?"

"राजधानीत."

"तिथं? अगं, तिथं मेलं तरी कुणी दार उघडत नाही!"

"आईनं सांगितलंय. पण तिथं कुणी लाडू घेऊन चाक बंद करायलाही येत नाही."

"हे सगळं तुझ्यासाठीच केलं गं मी. हे गाव तुझ्यासाठी शोधलं."

"शोधलंत, बाबा. वर्षानुवर्षं शोधलंत. मग एका दुपारी मी की गाव, असं झालं, तेव्हा तुम्ही कशाला धरलंत?" हौसा वाकून पाया पडली. "भेटायला या. पण निघण्याआधी ठरवून या, बाप म्हणून येताय की गाव म्हणून. गाव माझ्या घरात मावायचं नाही."

राजधानीत हौसाचं चाक फिरू लागलं. पहिल्या वर्षी उपाशी राहिली, शेजाऱ्यानं ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी मडकी खपली. मग लग्न, मग मुलं. कुंभारीण दरवर्षी जाऊन राहून येते आणि दरवर्षी तिचा मुक्काम लांबतो.

कुंभार एकदा निघाला होता. नवं धोतर नेसला, काठी घेतली, वेशीपर्यंत गेला. तेवढ्यात अख्खी गल्ली धावत आली. कुणी म्हणालं, या वयात एवढा प्रवास? कुणी म्हणालं, पोरीनंच यायला हवं, बापानं जाणं बरं दिसत नाही. एकानं काठी घेतली, एकानं पिशवी घेतली, मावशीनं हाताला धरून घरी आणलं आणि गरम गरम पिठलं वाढलं. त्याला कुणी बांधलं नव्हतं. तो पिठलं जेवला.

तात्पर्य पोरांसाठी नाही, त्यांना ते ठाऊक असतं. मोठ्यांनी ऐकावं: पोरांसाठी गाव एकदा निवडून भागत नाही. ज्या दिवशी गाव एका बाजूला आणि पोर दुसऱ्या बाजूला उभं राहतं, त्या दिवशी पुन्हा निवडावं लागतं, आणि 'मला चालतं' हे तेव्हा चारचौघांत, मोठ्यानं बोलावं लागतं.

कुंभाराला दोन नातवंडं आहेत. त्यानं ती पाहिलेली नाहीत.