चाळीस हातांची रीत

फार फार वर्षांपूर्वी, कुठल्याशा राज्यातल्या एका गावात चाळीस जणांचा एक बंधुमेळा होता. एकमेकांना 'बंधू' म्हणायचं आणि दर हिवाळ्यात गोरगरिबांना घोंगडी वाटायची, हे त्यांचं व्रत. धनगर लोकर फुकट देत आणि मेळ्यातलाच एक विणकर ती मागावर विणून देई.

मेळ्याची एक रीत होती. घोंगड्यांच्या ढिगाला चाळीसही बंधूंचे हात लागल्याशिवाय एकही घोंगडं बाहेर जायचं नाही. का, तर पुण्य सगळ्यांना सारखं मिळावं! विणकरालाही ही रीत आवडायची. आपण विणलेल्या घोंगड्यावरून मेळ्यातल्या शेटजींचाही हात फिरतो, याचं त्याला कौतुक वाटे.

एका पौषात पलीकडची बुरूडवाडी आगीत गेली. बांबूचीच घरं ती, पेटायला कितीसा वेळ! माणसं तेवढी वाचली आणि उघड्या माळावर येऊन बसली. विणकर धावत गेला. पाहतो तर एक म्हातारी अंगावरचं लुगडं अर्धं फाडून नातवाला गुंडाळत होती. शेजारी तिची सून, चार दिवसांची बाळंतीण, थंडीने कुडकुडत होती.

विणकराने खांद्यावरचं घोंगडं काढून म्हातारीच्या हाती दिलं. तिने ते सुनेच्या अंगावर घातलं.

"आणि तुला, आजी?"

"मला काय धाड भरलीय? तू पोरीचं बघितलंस, लई झालं."

"उद्या सकाळी सगळ्यांना आणतो," तो म्हणाला आणि माघारी पळाला.

सभामंडपात घोंगड्यांचा ढीग तयार होता. दाराला कुलूप होतं आणि किल्ली मेळ्याच्या थोरल्या बंधूंच्या कमरेला होती.

"एकोणचाळीस जण आहोत," थोरले बंधू म्हणाले. "एक बंधू सासुरवाडीला गेलेत. परवा येतील."

"बंधू, माणसं उघड्यावर आहेत हो!"

"मग रीत मोडायची? त्यांचं पुण्य बुडालं तर ते कोण भरून देणार?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून 'थंडी' हा शब्द निघाला नाही. असल्या माणसांना दानशूर म्हणायचं, तर मग दगडाला काय म्हणायचं?

विणकर हात हलवत घरी आला. बायको फणकारली, "हातांनी विणलीत ना घोंगडी? मग त्याच हातांनी कुलूप तोडता येत नाही होय?"

त्याने मान खाली घातली. मेळ्यातून नाव कमी होईल, बंधू तोंड फिरवतील, याची त्याला भीती वाटली. दुसरा दिवस त्याने मागावर नुसतं बसून काढला. माळाकडे जायला तोंडच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चाळिसावे बंधू आले, सासुरवाडीच्या पुरणपोळीची ढेकर देत आले. मग हात लागले, हार पडले. ढोल-ताशे वाजवत मेळा माळावर निघाला.

माळावर कोणी उठून उभं राहिलं नाही. ढोल आपोआप थांबले. थोरल्या बंधूंनी पुढे होऊन सुनेपुढे घोंगडं धरलं. "घे, बाई. चाळीस जणांचे हात लागलेत याला."

सुनेने ते घेतलं नाही. तिने बाजूला बोट दाखवलं. म्हातारी तिथे निपचित पडली होती. पहाटेच्या गारठ्याने ती गेली होती.

"चाळीस हात कशाला, दादा?" सून म्हणाली. "आता खांद्याला चारच लागतात. ते तरी द्या."

चाळीस जणांत कोणी पुढे होईना. शेवटी त्यांच्यातला एकटा विणकर हुंदका देत पुढे झाला. उरलेले तीन खांदे बुरूडांनीच दिले. त्याने विणलेलं घोंगडं म्हातारीच्या अंगावर पडलं, पण तिला आता थंडी वाजत नव्हती. 'उद्या आणतो' म्हणालेला माणूस तो, आणि दोन दिवस कुलपाला भ्याला. ही लाज त्याला जन्मभर पुरली.

ही गोष्ट धनगरांच्या कानी गेली. त्या वर्षापासून मेळ्याला लोकरीचा एक पुंजका मिळाला नाही. धनगर लोकर विणकराच्या दारात आणून टाकत, आणि घोंगडं मागावरून उतरलं की तो तसाच ते घेऊन गरजवंताकडे जाई. सभामंडपात बाकीचे बंधू दरवर्षी जमत, रिकाम्या फरशीकडे बघत आणि एकमेकांवर खेकसून घरी जात.

तात्पर्य : पुण्याच्या वाटणीसाठी जो दान अडवून धरतो, त्याच्या पदरी पापच पडतं.